चेतकची चाकं: आधी रिम बघा, मग टायर

आज बोलूया जुन्या बजाज चेतकच्या चाकांबद्दल. घरातली बंद पडलेली चेतक पुन्हा रस्त्यावर आणायची, तर टायर कुठला टाकायचा?

साइज सोपा आहे: ३.५०-१०. टायर साडेतीन इंच रुंद, रिम १० इंची. पुढे, मागे, स्टेपनीला तोच. घेताना टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. २३२४ म्हणजे २०२४ चा २३वा आठवडा. नक्षी कोरी असली तरी वर्षानुवर्षं दुकानात पडलेलं रबर मी तरी घेणार नाही.

खरी गोम रिममध्ये आहे. चेतकची मूळ रिम म्हणजे नट-बोल्टने जोडलेले दोन भाग, आत ट्यूब. म्हणून त्यावर ट्यूबलेस टायर नुसता बसवला, तर हवा त्या जोडातूनच निघून जाते. ट्यूबलेसच हवं असेल तर अखंड रिम घ्या. खर्च आहे, पण रोज हायवेला जात असाल तर करा. ट्यूब फाटली की हवा झटक्यात जाते आणि एवढ्याशा चाकावर गाडी सावरणं कठीण होतं.

मूळ रिमच ठेवताय? मग आतला गंज घासून काढा, नाहीतर तो ट्यूब कापतो. आणि हे नीट ऐका: चाकावर नट दोन प्रकारचे असतात. एक चाक हबला धरतात, दुसरे रिमचे दोन भाग एकत्र धरतात. हवा भरलेली असताना हे दुसरे नट सैल केले, तर रिम जोरात उघडून तोंडावर येऊ शकते. आधी वॉल्व्हची पिन काढा, टायर दाबून बघा, मगच पाना लावा.