शाळा सुटल्यानंतरची शाळा

यंत्राचा विषय निघाला की आपण कला शाखेचे विद्यार्थी दोन पावले मागे सरतो. ‘ते विज्ञानवाल्यांचे काम’ असे म्हणून मोकळे होतो. हा समज किती फोल आहे हे दाखवणारा एक प्रयोग अमेरिकेतील बोस्टन शहरात झाला. त्याचा येथे थोडक्यात परिचय करून देत आहे.

बोस्टनमध्ये तेव्हा संगणकांचे एक संग्रहालय होते. डिसेंबर 1989 मध्ये, शाळांना सुट्टी असताना, तेथे मुलांसाठी एक कार्यशाळा भरली. लेगोच्या प्लॅस्टिक ठोकळ्यांना छोट्या मोटरी जोडायच्या, आपल्या मनाची गाडी वा पाळणा बनवायचा आणि संगणकावर ‘लोगो’ भाषेत आज्ञा लिहून तो चालवायचा, असा हा खेळ. लोगो भाषेच्या जनकांपैकी एक सेमूर पेपर्ट. मूळचे गणिती असलेले पेपर्ट जिनिव्हात मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्याबरोबर काम करून आले होते. स्वतः काही घडवताना मूल सर्वांत चांगले शिकते, असे त्यांचे मत होते.

सुट्टी संपली, कार्यशाळाही संपली. पण काही मुले परत येऊन विचारू लागली, पुन्हा लेगो-लोगो कधी? संग्रहालयाकडे उत्तर नव्हते. पुढे तर मुले चोरून आत शिरतात, लक्ष ठेवा, अशी सूचना कर्मचाऱ्यांना मिळाली. ती हीच मुले होती! शिकण्यासाठी चोरून आत यावे लागते, यात दोष मुलांचा की आपला? संग्रहालयातील नॅटली रस्क आणि एमआयटीतील मिचेल रेझ्निक यांनी हा प्रश्न मनावर घेतला, आणि 1993 साली ‘कॉम्प्युटर क्लबहाउस’ सुरू झाले. 10 ते 18 वयाच्या मुलांनी शाळा सुटल्यावर यावे. फी नाही, परीक्षा नाही. गरीब वस्त्यांतील मुलांसाठी हे दार मुद्दाम उघडले गेले.

तेथील मांडणी पाहण्यासारखी आहे. खोलीच्या मधोमध एक मोठे हिरवे टेबल. त्यावर संगणक नाही. तेथे बसून गप्पा मारायच्या, चित्रे काढायची, बेत आखायचे. खुर्च्यांना चाके, म्हणजे शेजाऱ्याचे काम पाहायला सहज सरकता यावे.

पण खरी गंमत मार्गदर्शकांची आहे. महाविद्यालयीन विद्यार्थी, अभियंते, चित्रकार, संगीतकार तेथे स्वेच्छेने येतात. ते धडा देत नाहीत. स्वतःचे एखादे काम घेऊन बसतात आणि मुलांना त्यात ओढतात. मोठा माणूसही अडतो, चुकतो, पुन्हा जुळवतो, हे मुलांना डोळ्यांनी दिसते.

याच लेगो-लोगो पद्धतीने शिकणाऱ्या एका मुलाची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याच्या गाडीची मोटर निखळून पडली आणि टेबलावर थरथरत पुढे सरकू लागली. कोणी म्हणाले असते, ‘नीट बसव ती!’ पण त्याला प्रश्न पडला, या थरथरीवरच गाडी चालवली तर? त्याने मोटरीखाली चार पाय लावले आणि थरथरत चालणारे यंत्र तयार केले. त्या क्षणी कोणी ‘दुरुस्ती’ केली असती, तर ते यंत्र जन्मलेच नसते. मार्गदर्शकाने हात कधी आखडावा, हे कळणेच अवघड.

बोस्टनचे ते संग्रहालय 1999 मध्ये बंद झाले. क्लबहाउस मात्र टिकले आणि अनेक देशांत पसरले. तेथील मुले केवळ यंत्रे करत नाहीत. गाणी रचतात, चित्रपट बनवतात. रेझ्निक यांच्या गटाने 2007 साली जगापुढे आणलेली ‘स्क्रॅच’ ही मुलांची संगणकभाषाही अशा केंद्रांतील अनुभवावर उभी आहे.

आपल्याकडेही 2016 पासून नीती आयोगाच्या योजनेतून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी शाळांमध्ये ‘अटल टिंकरिंग लॅब’ निघत आहेत. साहित्य येते, कपाटे भरतात. पण मुलाशेजारी बसायला माणूस हवा. तो अभियंताच असला पाहिजे असे नाही. ज्याला नाटकाची प्रकाशयोजना सुचते, गाण्याला चाल लावता येते, गोष्ट रंगवता येते, त्याच्यापाशीही मुलांना देण्यासारखे काही आहे. आठवड्यातली एक संध्याकाळ जवळच्या शाळेत काढायला आपल्यापैकी कितीजण तयार आहेत?