डिस्क अ‍ॅरे ‘डिग्रेडेड’ झाला, तर?

सर्व्हर ‘अ‍ॅरे डिग्रेडेड’ असा इशारा देतो, तेव्हा डेटा गेलेला नसतो. गेलेली असते ती सुरक्षितता. रेड-५ या प्रकारच्या अ‍ॅरेमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या डिस्कांच्या संचात, माहितीसोबत पॅरिटी, म्हणजे ताळा पाहण्यासारखे आकडे, सगळ्या डिस्कांवर वाटलेले असतात. त्यामुळे एक डिस्क बंद पडली तरी तिच्यावरचा मजकूर बाकीच्यांवरून काढता येतो. दुसरीही गेली, की खेळ संपला.

खरी मेख बॅड सेक्टरची, म्हणजे डिस्कवरच्या वाचता न येणाऱ्या तुकड्यांची. नवी डिस्क बसवून रीबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कवरचा मजकूर तिच्यावर पुन्हा उभा करणे, सुरू केले, की उरलेल्या डिस्का पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. वर्षानुवर्षे न उघडलेल्या फायलीतला खराब सेक्टर नेमका तेव्हाच उघडा पडतो आणि काम अडते.

म्हणून आधी बॅकअप घ्या. मग प्रत्येक डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तिच्या प्रकृतीची नोंद, पाहा. ‘पेंडिंग सेक्टर’, म्हणजे नीट वाचता न आलेले सेक्टर, शून्याहून जास्त असतील, तर ती डिस्क संशयित. अ‍ॅरे थांबवून डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने तिची नव्या डिस्कवर प्रत काढा, मगच रीबिल्डला हात घाला. डिस्क उपसण्यापूर्वी सिरियल नंबर ताडून पाहा; घाईत धडधाकट डिस्कच बाहेर येते.

पुढे दरमहा स्क्रबिंग, म्हणजे सगळ्या सेक्टरांची वाचन-तपासणी, लावून ठेवा. आणि रेडला कधीही बॅकअप समजू नका.