घरातून उन्हात येताच डोळे का दिपतात?

नवी दिल्ली : दिवसभर पडदे ओढून संगणकासमोर बसलेला माणूस दुपारी बाहेर पडतो आणि उंबरठा ओलांडताच डोळे मिटून घेतो. डोळ्यांत पाणी येते, कपाळाला आठ्या पडतात. ‘घरात बसून डोळे कमजोर झाले’ असे मग सहज म्हटले जाते. हे निदान बहुतेक वेळा चुकीचे असते.

घरातील दिव्यांचा उजेड साधारण तीनशे ते पाचशे लक्स असतो, तर भर दुपारचे ऊन एक लाख लक्सपर्यंत जाते. म्हणजे एका पावलात प्रकाश दोनशे-तीनशे पटींनी वाढतो. डोळ्याची बाहुली लगेच आकुंचन पावते, पण तिलाही मर्यादा आहे. आठ मिलिमीटरवरून दोन मिलिमीटरपर्यंत लहान झाली, तरी आत येणारा प्रकाश फार तर सोळा पटींनी घटतो. उरलेले काम दृष्टिपटलातील पेशींना आपली संवेदनक्षमता कमी करून पार पाडावे लागते आणि त्यास काही मिनिटे लागू शकतात. उलट प्रवास अधिक संथ असतो. उन्हातून अंधारात गेल्यावर डोळे पूर्ण सरावण्यास अर्धा तासही लागतो.

चिलीतील सान होसे खाणीत २०१० मध्ये ६९ दिवस अडकलेल्या ३३ कामगारांना वर आणताना गडद चष्मे देण्यात आले होते, ते याच संक्रमणासाठी. दीर्घ अंधारानंतर एकदम आलेला प्रखर प्रकाश त्यांना सोसवला नसता.

मात्र हाच उपाय घरात वापरण्याची चूक अनेक जण करतात. प्रकाश टोचतो म्हणून खोलीतही काळा चष्मा लावला, तर दृष्टिपटल अंधाराला सरावते आणि साधा उजेडही असह्य होऊ लागतो. उन्हात चष्मा जरूर वापरावा. पण काच गडद आहे म्हणून ती अतिनील किरणे अडवतेच असे नाही, हे खरेदी करताना पाहावे.

काही मिनिटांत ओसरणारी ही तिरीप निराळी आणि दिवसेंदिवस टिकणारी वेदना निराळी. बंद खोलीत राहणाऱ्यांमध्ये तिचे एक नेहमीचे कारण म्हणजे डोळ्यांचा कोरडेपणा. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या लवण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी होऊ शकते. त्यात वातानुकूलित यंत्राची कोरडी हवा. अश्रूंचा थर तुटला की बुबुळावरील पारदर्शक पटलाच्या चेता उघड्या पडतात आणि प्रकाश बोचू लागतो. अर्धशिशी, डोळे येणे, पटलावरील ओरखडा, डोळ्याच्या आतील दाह आणि काही औषधे यांमुळेही हा त्रास होतो. अशा वेळी दोष घरबसलेपणाला देऊन उपचार लांबवणे महागात पडते.

कोरडेपणा असल्यास अधूनमधून पडद्यावरून नजर हटवून पापण्या मिटाव्यात, हवेचा झोत थेट चेहऱ्यावर घेऊ नये. बाहेर पडताना आधी सावलीत, व्हरांड्यात क्षणभर थांबावे, टोपी किंवा छत्री घ्यावी. सूर्याकडे थेट पाहून ‘सराव’ करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नये. त्याने दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते.

डोळा लाल होऊन दुखत असेल, दृष्टी अंधुक झाली असेल किंवा एकाच डोळ्याला प्रकाश सहन होत नसेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. सोबत तीव्र ताप, डोकेदुखी आणि मान ताठ झाली असेल, तर मेंदूज्वराची शक्यता लक्षात घेऊन थेट रुग्णालय गाठावे.