बोटाला लागलेली गाठ

बँकेत पहिली काही वर्षे मी कॅशला होतो. शंभराच्या गड्ड्या मोजता मोजता एखादी नोट बोटाला खटकायची. डोळ्यांना काही दिसत नसे. उजेडासमोर धरली की खोटी निघे. हेडकॅशियर विचारायचे, ‘‘कशावरून ओळखलीस?’’ मला कधीच सांगता आले नाही.

आमच्या आक्काचेही तसेच झाले. १९९४ सालची गोष्ट. आंघोळ करताना तिच्या बोटाला डाव्या स्तनात वाटाण्याएवढे काहीतरी लागले. आठ महिने तिने ते कुणापाशी बोलून दाखवले नाही. दुखत नव्हते, मुलीचे लग्न ठरत होते, आणि सांगायचे तरी कसे? शेवटी माझ्या बायकोला सांगितले, तेही स्वयंपाकघराचे दार लोटून घेऊन. ‘‘आधी केवढी होती?’’ डॉक्टरांनी विचारले. आक्काने बोटाचे पेर दाखवले, मग म्हणाली, ‘‘नाही, एवढी नसेल.’’ १९९६ साली ती गेली.

गेल्या पावसाळ्यात आमच्या भागातल्या समाजमंदिरात तपासणीचे शिबिर होते. मी अर्थातच पडद्याबाहेर. बायको सांगत आली, की एका आरोग्यसेविकेने हातात मावेल असे यंत्र स्तनावर जागोजागी टेकवले. दुखले नाही, क्ष-किरण नाहीत, आणि मोबाइलवर हिरवे चौकोन उमटत गेले. घट्ट जागा आली तर तांबडा.

या यंत्राचे मूळ बरेच जुने आहे. क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिला की वीज निर्माण होते, हे झाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० साली दाखवले. उलटही घडते, वीज दिली की असा पदार्थ किंचित वाकतो. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या वान शी आणि वेइ-हेंग शी यांनी या दोन्ही गुणांचे मिळून एक ‘बोट’ केले. पट्टीचा एक थर विजेने वाकतो आणि मांसल भागाला हलकेच ढोसतो. तो भाग किती दबला, हे दुसऱ्या थरात उमटणाऱ्या विजेवरून मोजले जाते. मऊ असेल ते दबते, गाठ तेवढी दबत नाही. त्यातूनच पुढे आरोग्यसेविकांना वापरता येणारे यंत्र तयार झाले.

पण घट्ट म्हणजे कर्करोग नव्हे. तरुण मुलींच्या कितीतरी गाठी निरुपद्रवी असतात. तांबडा चौकोन आला तर पुढे सोनोग्राफी, मॅमोग्राफी, गरज पडली तर सुईने तुकडा काढून तपासणी, हे सगळे आहेच. उलट मॅमोग्राफीत दिसणारे कॅल्शियमचे बारीक कण कुठल्याच बोटाला लागत नाहीत, माणसाच्या नाही नि यंत्राच्याही नाही. हिरव्या चौकोनांवर निर्धास्त होऊन चालत नाही.

शिवाय साधे बोटही कमी नाही. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांवर मोठा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी तपासणी केली. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या बायकांत रोग लवकरच्या टप्प्यात सापडला. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात मात्र तसा फायदा दिसला नाही.

मग यंत्र कशाला? मला विचाराल तर, नोंदीसाठी. आयुष्यभर खातेवह्या पाहिलेल्या माणसाला हे सुचणारच. बोटाची आठवण बोटातच राहते. आक्काला पेरावर माप दाखवावे लागले आणि तेही तिला नक्की सांगता आले नाही. यंत्राचा कागद पुढच्या वर्षीच्या कागदाशेजारी ठेवता येतो. आणि ज्या बाईच्या तोंडून शब्द फुटत नाही, तिला तो नुसता पुढे करता येतो.

बायकोला हे फारसे पटले नाही. ‘‘यंत्राचं राहू द्या,’’ ती म्हणाली. ‘‘घरात कुणाला झालं होतं का, असं त्या मुलीनं विचारलं. तेवढ्यावर मी आक्कांचं सगळं सांगून टाकलं.’’ आक्काच्या मुलीनेही तपासून घ्यायला हवे, असे सेविकेने बजावले होते.

त्या रात्री भाचीला फोन लावला. लेकीच्या लग्नाची गडबड उरकली की जाईन, म्हणाली. मी काहीच बोललो नाही. थोड्या वेळाने तिनेच विचारले, ‘‘मामा, दुखतं का रे?’’

मी फोन तिच्या मामीकडे दिला आणि बाहेर जाऊन बसलो.