घाटमाथ्यावरची तांबडी माती

बंगळूर शहराच्या उत्तरेस हेब्बाळ नावाचे ठिकाण आहे. आज ते तेथील तलावामुळे आणि वाहनांच्या वर्दळीमुळे परिचित असले, तरी मातीच्या अभ्यासकांना त्याची ओळख निराळ्या कारणाने आहे. १८९९ साली मैसूरच्या महाराणी वाणीविलास सन्निधान यांनी येथील ३० एकर जमीन शेतीच्या प्रयोगांसाठी दिली, आणि ॲडॉल्फ लेहमन या रसायनज्ञाच्या देखरेखीखाली माती व पिके यांच्या परस्परसंबंधाचा अभ्यास तेथे सुरू झाला. पुढे त्याच परिसरात शेतकी शाळा व महाविद्यालय निघाले. नागपूर येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेचे एक प्रादेशिक केंद्रही हेब्बाळलाच आहे.

हेब्बाळची माती तांबडी आहे. महाबळेश्वर किंवा भीमाशंकर येथील रानातली मातीही तांबडीच आहे. दोहोंची एक एक मूठ शेजारी शेजारी ठेवली, तर त्या एकाच कुळातल्या आहेत असे कोणासही वाटेल. परंतु त्या ओल्या करून बोटांत चोळून पाहाव्यात. हेब्बाळच्या मातीत वाळूचे टणक कण बोटांना कचकचतात. घाटमाथ्यावरची माती बहुधा मऊ व चिकण लागते. हा फरक ज्या खडकांपासून त्या उपजल्या त्या खडकांचा आहे. बंगळूरच्या परिसरातील नीस हा खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा असून त्यात गारेचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे, कण विपुल असतात. खडक झिजला तरी गार सहसा झिजत नाही. ती वाळूच्या रूपाने मातीत शिल्लक राहते. सह्याद्रीचा कातळ मात्र लाव्हारसाचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून थरांवर थर ओतत आलेल्या या रसाने आज उरलेले सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरचे दख्खनचे पठार घडविले. या काळ्या कातळात, म्हणजेच बेसाल्टमध्ये, गार जवळजवळ नसते. लोह, चुना व मॅग्नेशियम मात्र भरपूर असते. तो झिजला म्हणजे त्याची चिकणमाती होते आणि त्यातील लोहास गंज चढून तीस तांबडा रंग येतो.

येथे एक शंका साहजिकच उद्भवते. हाच काळा कातळ पुणे, सोलापूर, अकोला या भागांत कपाशी-ज्वारीची काळीभोर जमीन देतो. मग घाटमाथ्यावर तो तांबडी माती का देतो? याचे उत्तर पावसात व उतारात आहे. महाबळेश्वरी वर्षाकाठी सुमारे साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून फार दूर नसलेल्या पुण्यास त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतकाच. घाटमाथ्यावर हे पाणी मातीतून सतत झिरपत राहते व जाता जाता विरघळलेला चुना, मॅग्नेशियम आणि सिलिका बरोबर घेऊन जाते. मागे राहतात ती मुख्यत्वे लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे. उलट सखल भागात पाण्याचा निचरा मंद असतो. वाहून आलेली द्रव्ये तेथे साठतात आणि पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी काळी चिकणमाती तयार होते. माथ्यावर तांबडी आणि खोलगट जागी काळी, अशी एकाच कातळाची ही दोन लेकरे काही ठिकाणी अवघ्या काही हातांच्या अंतरावर नांदताना दिसतात.

ही धूप आणि झिरपणी युगानुयुगे चालली, तर तिची परिणती काय होते, याचा नमुना पाचगणीच्या पठारावर आणि कोकणच्या सड्यांवर पाहावयास मिळतो. तेथे मातीतील विद्राव्य द्रव्ये जवळजवळ निघून गेली आणि लोह-ॲल्युमिनियमचा जांभा खडक उरला. ताजा खणला असता कुऱ्हाडीने कापता येणारा आणि हवा लागल्यावर घट्ट होणारा हा जांभा कोकणात चिऱ्यांच्या रूपाने घराघरांत बसला आहे. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन याने केरळात पाहिलेल्या अशाच खडकास विटेच्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. बांधकामास जांभा उत्तम. पिकास मात्र त्यात फारसे काही मिळत नाही.

तेव्हा खरे नवल हे, की इतका पाऊस सोसूनही सह्याद्रीतील सगळीच माती जांभ्याच्या वाटेने गेली नाही. भीमाशंकरच्या परिसरात जांभूळ, अंजन, हिरडा, आंबा यांची दाट राई अजून उभी आहे. ही माती आम्ल आहे. परंतु ती निःसत्त्व झालेली नाही. तिला कोणी राखले?

पहिला राखणदार म्हणजे रान. झाडांची मुळे खोलवर जाऊन निसटू पाहणारी अन्नद्रव्ये उचलतात, ती पानांत साठवितात, आणि पान गळले की ती पुन्हा मातीच्या स्वाधीन होतात. वाळवी, गांडुळे व बुरशी या पाचोळ्याचे खत करतात. म्हणून दाट जंगलात वरची वीतभर माती काळसर, भुसभुशीत व सेंद्रिय द्रव्याने संपन्न असते. पठारावरील नांगरटीच्या शेतात सेंद्रिय कर्ब बहुधा शेकडा एकही भरत नाही. येथे तो त्याच्या कित्येक पट असतो. पावसाचा थेंब प्रथम पानांवर, मग पाचोळ्यावर पडतो आणि त्याचा मार मातीपर्यंत पोहोचत नाही.

दुसरा राखणदार खुद्द कातळातच दडलेला आहे. लाव्हारस थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले व पोकळ्या राहिल्या. पुढे या पोकळ्यांत झिओलाइट जातीचे शुभ्र, गुलाबी, हिरवट स्फटिक वाढले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेआड ठेवलेले हे स्फटिक पाहून प्रेक्षक हरखून जातात. परंतु त्यांचे मोठे काम मातीत चालते. त्यांच्या जाळीदार घडणीत चुना साठविलेला असतो आणि तो हळूहळू मातीस मिळत राहतो. १९९३ साली तपस भट्टाचार्य, डी. के. पाल व एस. बी. देशपांडे या संशोधकांनी पश्चिम घाटातील तांबड्या व काळ्या मातींच्या अभ्यासातून ही गोष्ट पुढे मांडली. पाऊस एका हाताने चुना नेतो आणि स्फटिक दुसऱ्या हाताने तो देतात. त्यामुळे मातीचे जांभ्यात होणारे रूपांतर दीर्घकाळ रोखून धरले जाते.

मात्र या दोन राखणदारांत एक मोठा भेद आहे. कातळातील स्फटिकांना कोणी सहजासहजी हात लावू शकत नाही. रान मात्र एका उन्हाळ्यात तोडता येते. रान गेले की पाचोळा जातो, पाचोळा गेला की थेंबाचा मार उघड्या मातीस बसतो, आणि शेकडो वर्षांत साठलेली ती वीतभर माती काही पावसाळ्यांतच ओढ्याला मिळते. ज्या स्फटिकांनी चुना पुरवावयाचा, त्यांच्यावर मातीच उरली नाही तर त्यांचा पुरवठा कोणाच्या उपयोगी पडणार?

डोंगरात राहणाऱ्या शेतकऱ्यास ही गोष्ट पूर्वापार ठाऊक होती. उताराच्या वरकस जमिनीत एक वर्ष नाचणी, पुढे वरई, मग खुरासणी असे पीक घेऊन तो ती काही वर्षे पडीक ठेवीत असे, म्हणजे झुडपे वाढून मातीस पुन्हा बळ येई. भाताच्या रोपांसाठी तो ऐनाच्या फांद्या, पाला व शेण पसरून राब भाजी. झाडाने खोलवरून उचललेली द्रव्ये राखेच्या रूपाने रोपांस मिळत. या पद्धतीत दोष नव्हते असे नाही. परंतु मातीला विसावा दिला पाहिजे ही जाण तिच्या मुळाशी होती. जमीन अपुरी पडू लागली, पडीक ठेवण्याची वर्षे घटली, आणि ती जाण पाळणे शेतकऱ्यास परवडेनासे झाले. हा दोष त्याच्या अज्ञानाचा नसून त्याच्या अडचणीचा आहे.

३० जुलै २०१४ रोजी भीमाशंकरच्याच डोंगररांगेतील माळीण हे गाव दरडीखाली गाडले गेले आणि सुमारे दीडशे माणसे प्राणास मुकली. मुसळधार पाऊस हे त्याचे तात्कालिक कारण होते. उतारावर झालेल्या सपाटीकरणाचा त्यात किती वाटा होता यावर मतभेद झाले. दाट झाडी असली म्हणजे दरड कोसळतच नाही असेही नाही. परंतु पाण्याने जड झालेली चिकणमाती निसरड्या कातळावर केवळ आपल्या बळावर उभी राहू शकत नाही. तिला मुळांचा आधार लागतो आणि पाण्यास वाट लागते, हे या दुर्घटनेनंतर निराळे सांगावयास नको.

कृष्णा, भीमा आणि गोदावरी या तिन्ही नद्या याच घाटमाथ्यावरून निघतात. तेथून वाहून गेलेली माती धरणांत गाळ होऊन बसते, म्हणजे नुकसान डोंगराचेही होते आणि पठाराचेही. यासाठीच मृदा सर्वेक्षणाचे महत्त्व. सर्वेक्षक दीड-दोन मीटर खोल खड्डा घेतो, त्याच्या भिंतीतील थर मोजतो, रंग पाहतो, माती बोटांत चोळतो, आणि कोणत्या उतारावर नांगर चालेल, कोठे आंबा-फणस लावावा व कोठे रानास मुळीच धक्का लावू नये, हे नकाशावर नोंदवितो. हेब्बाळला सव्वाशे वर्षांपूर्वी सुरू झालेला अभ्यास काय किंवा नागपूरला तयार होणारे नकाशे काय, त्यांचे सार्थक उतारावर कुदळ घालण्यापूर्वी ते कोणीतरी उघडून पाहण्यात आहे. शेतीसाठी असो, रस्त्यासाठी असो किंवा बंगल्यासाठी असो, घाटमाथ्यावरील झाड तोडताना त्याच्याखालची वीतभर माती आपण पुन्हा तयार करू शकत नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.