एक भिडू कमी आहे

कबड्डीला एका बाजूला सात जण लागतात, व्हॉलीबॉलला सहा, खो-खोच्या पाठलागाला नऊ. सहा जणी जमल्या आणि सातवी आली नाही की कबड्डीचा डाव मोडतो. मुलांचे तसे होत नाही. ते कडेला उभ्या असलेल्या कुणालाही ‘ये रे’ म्हणून आत ओढतात. मुलींना असे कुणाला ओढता येत नाही. आठवी-नववीनंतर आपल्या मोहल्ल्यातल्या मुली खेळणे सोडतात, त्यामागे दर वेळी घरचा विरोधच असतो असे नाही. दोन-तीन वेळा मैदानावरून न खेळता परत यावे लागते, मग जाणे थांबते, आणि एकदा थांबलेले सहसा पुन्हा सुरू होत नाही.

हा कमी पडणारा भिडू मोबाईल शोधून देईल का? मोठ्या शहरांत तशी अ‍ॅप्स आहेत. बेंगळूरूत सुरू झालेल्या ‘प्लेओ’वर जवळचे मैदान शोधून पैसे भरता येतात, अनोळखी लोकांच्या खेळात जागाही मिळते. अहमदाबादच्या ‘क्रिकहिरोज’वर गल्लीतल्या टेनिस बॉल सामन्याचासुद्धा धावफलक ठेवता येतो. चंद्रपूर-गडचिरोलीत मात्र मैदान भाड्याने घेण्याची अडचण फारशी नाही, शाळेचे पटांगण असतेच. इथे अडते ते भरवशापाशी.

यंदा नववीच्या मुलींना मी असे अ‍ॅप कागदावर काढायला सांगितले. एक कागद म्हणजे मोबाईलचा एक पडदा; बोट ठेवले की पुढचा कागद. अ‍ॅप बनवणारेसुद्धा सुरुवात अशीच करतात, कारण कागद फाडायला पैसे लागत नाहीत. सगळ्या गटांनी पहिल्या कागदावर नाव, वय, फोटो, मोबाईल नंबर असा फॉर्म काढला. त्यांनी पाहिलेले प्रत्येक अ‍ॅप तसेच सुरू होते! मग कागद घरी नेऊन अम्मीला दाखवायला सांगितले. दुसऱ्या दिवशी प्रश्न आले. आणखी कोण कोण येणार? मोठे माणूस कोण असेल? परत किती वाजता, कुणासोबत? आणि एका आईचा प्रश्न: कबड्डी खेळायला फोटो कशाला लागतो?

त्या प्रश्नाचे उत्तर वर्गात कुणालाच देता आले नाही. फोटो गेला.

मुलींनी सगळे पुन्हा काढले. आता पहिल्या पडद्यावर खेळाची वेळ नाही, घरी पोहोचण्याची वेळ आहे. ‘मगरिबच्या आत घरी’ हा आपल्या घरांतला नियम, पण मगरिब वर्षभर एका वेळी नसते. चंद्रपुरात जूनअखेर सूर्य सातच्या जरा आधी मावळतो, डिसेंबरच्या सुरुवातीला साडेपाचच्या सुमारास. मुंबईपेक्षा इथे साधारण २५ मिनिटे आधी अंधार होतो. मुंबईच्या हिशेबाने ठेवलेली हिवाळ्यातली पाच ते सहाची वेळ इथे अर्धी अंधारात जाते. आणि इथला अंधार म्हणजे नुसती बत्ती गुल झाल्याचा अंधार नव्हे. २०२२ मध्ये चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या परिसरात वाघ-बिबट्याने माणसे मारली. ताडोबाच्या कडेच्या गावांना तर हे सांगायलाच नको. म्हणून अ‍ॅपने सूर्यास्तापासून मागे मोजावे: घरी पोहोचायला लागणारा वेळ वजा करावा, आणि उरेल तेवढाच डाव. उन्हाळ्यात, पारा ४५ च्या वर असताना, सकाळी आठनंतरच्या वेळा दाखवूच नयेत.

दुसरी गोष्ट मुलींनी स्वतः शोधली. प्रत्येक डावाला एक मोठी बाई हवी, तिला त्यांनी ‘आपा’ नाव दिले. आपाने ‘हो’ म्हटल्याशिवाय डाव उघडतच नाही. दुपारी बारापर्यंत संख्या भरली नाही तर सगळ्यांना ‘आज नाही’ असा निरोप जातो. रिकाम्या मैदानावर एकटी मुलगी उभी राहू नये, यासाठी ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते.

विदर्भात असा माणूस होऊन गेला असे नाही, आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना एकत्र करून २००१ मध्ये ‘स्लम सॉकर’ सुरू केले. २०२२ चा ‘झुंड’ चित्रपट त्यांच्यावरूनच आला. मुले आधीही खेळायचीच. त्यांना रोज येऊन उभे राहणारे कुणीतरी मिळाले. अ‍ॅप ही जागा घेऊ शकत नाही, आपाचे काम थोडे हलके करू शकते एवढेच.

मग व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप काय वाईट, असे कुणी विचारेल. बऱ्याच ठिकाणी त्यावरच चालते. पण ‘दोघी हव्यात’ हा निरोप शुभेच्छांच्या फुलांखाली गाडला जातो, आणि ग्रुपमधल्या प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो. ‘पाच मुली, चार वाजता, अमुक मैदान’ ही माहिती चुकीच्या हातात पडली तर काय, हा विचार शहरी अ‍ॅपवाल्यांना कमी करावा लागत असेल. आपल्या अ‍ॅपवर बाहेरच्याला फक्त ‘सातपैकी पाच’ एवढे दिसावे. नावे आणि जागा आपाने घेतल्यावरच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्याआधी आई-वडिलांची खात्रीशीर संमती मागितली आहे आणि मुलांवर नेम धरून जाहिराती दाखवायला मनाई केली आहे.

राहिले नेटवर्क. भामरागडला पर्लकोटेला पूर आला की रस्ताच तुटतो, मग इंटरनेटचे काय घेऊन बसलात! तिकडे बटणांच्या फोनवर एसएमएस जाईल तोच खरा. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरे मावतात, इंग्रजीत १६०. मुलींनी ७० मध्ये बसवून दाखवले: ‘कबड्डी. रवि ४. शाळा. २ हव्यात. घरी ५.१५. येणार=१’. मराठीच्या तासाला सारांशलेखन शिकवताना इतके नेमके लिहिलेले मला क्वचितच मिळते. सिरोंच्यात हाच निरोप तेलुगूत लागेल, मुलचेऱ्यात बांगलात, एटापल्लीकडे माडियात; ज्यांना वाचता येत नाही त्या आईसाठी तो आवाजात लागेल.

अ‍ॅपचे नाव ठेवले आहे ‘भिडू’. प्रोग्रॅम लिहून देणारे कुणी अजून मिळालेले नाही. तोवर एका वहीत तीन रकाने आखले आहेत: येणार, घरी निघाली, पोहोचली. वही आणि एक साधा फोन आपाकडे राहतो. आपा मात्र आठवड्याला एक लागते, आणि आतापर्यंत तिघीच पुढे आल्या आहेत. त्यांतल्या दोघी आजी आहेत.