मुलाला संगणकाचा वेग वाढवायचाय? जरूर, पण जपून!

तुमच्या मुलाकडे रास्पबेरी पाय असेल, तर 'आई, याचा वेग आणखी वाढवता येतो' हे वाक्य आज ना उद्या तुमच्या कानावर येणारच. एटीएम कार्डाएवढा हा संगणक मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावे म्हणून २०१२ साली ब्रिटनमध्ये बाजारात आला.

मुलाचे म्हणणे खरे आहे. प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. पहिल्या मॉडेलचा वेग ७०० मेगाहर्ट्झ होता. त्याच वर्षी निर्मात्यांनीच तो १००० पर्यंत नेण्याची सोय दिली. २०१९ मध्ये आलेल्या चौथ्या मॉडेलचा वेग १५०० होता; हौशी मंडळी तो २००० वर नेतात.

धोका कुठे आहे?

वेग वाढवला की बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते आणि प्रोसेसर तापतो. तापमान ८० अंश सेल्सियसवर गेले की तो आपणहून वेग कमी करतो. आधीच तापलेल्या खोलीत, पंख्याशिवाय केलेला सारा खटाटोप मग वाया जातो.

खरे नुकसान मात्र वेगळेच असते. फाइल लिहिली जात असताना संगणक मध्येच अडकला, तर मेमरी कार्डावरील मजकूर खराब होऊ शकतो. घरचे फोटो त्याच कार्डावर असतील तर?

हे पाळा

● सर्वप्रथम कार्डाची प्रत दुसरीकडे काढून ठेवा.
● प्रोसेसरवर हीटसिंक व पंखा बसवा. चौथ्या मॉडेलला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टरच लावा. मोबाइलचा जुना चार्जर नको.
● वेग एकदम वाढवू नका. १०० मेगाहर्ट्झने वाढवा, तासभर भरपूर काम देऊन पाहा, तापमान तपासा, मगच पुढची पायरी.
● 'फोर्स टर्बो' चालू करून व्होल्टेज वाढवू नका. त्याची चिपमध्ये कायमची नोंद होऊन वॉरंटी जाऊ शकते.
● संगणक सुरूच झाला नाही तर घाबरू नका. कार्ड दुसऱ्या संगणकात घालून 'कॉन्फिग' फाइलमधील नव्या ओळी काढून टाका.

तेव्हा मुलाला सरसकट 'नको' म्हणू नका. फोटोंची प्रत काढून झाली का, एवढे आधी विचारा आणि मग त्याच्या शेजारी बसून तापमानाचे आकडे वहीत उतरवून घ्या. बिघडलेला बोर्ड बदलता येतो, पुसले गेलेले फोटो परत मिळतीलच असे नाही.